कडेखालून आलेली जहाजं

"ये! वर ये!" कडेबाबाने दोन्ही हात समुद्राकडे पसरले. डोळ्यांवर जाड काळी पट्टी. "मालवाहू बोट! कडेखाली लोंबकळतेयस ना? धर माझी दोरी आणि ये वर!"

दोरी आम्हाला दिसत नव्हती. ती फक्त बाबाला दिसायची, आणि त्याच्या तर डोळ्यांवर पट्टी होती.

धक्क्यावर आणि खालच्या वाळूत मिळून हजारभर माणसं श्वास रोखून बसली होती. गोदामं बंद, शाळा ओस, माझा दवाखानासुद्धा रिकामा. अर्धा तास गेला. मग क्षितिजाच्या रेघेवर टाचणीएवढं काहीतरी उगवलं. डोलकाठीचा शेंडा! त्याच्याखालून काळं धुराडं आलं, मग जहाजाच्या खोल्या आणि सगळ्यात शेवटी पोट. पाण्यातून कोणी खरोखरच ओढून काढावं तसं ते जहाज वर आलं.

गर्दीने अशी आरोळी ठोकली की धक्क्यावरचे पक्षी उडाले. बायका रडू लागल्या. आमचे फौजदारसाहेब पहिल्या रांगेत हात जोडून बसले होते, त्यांनी टोपी काढली.

"पृथ्वी म्हणजे ताट!" बाबाने पट्टी न काढताच सुरुवात केली. "ताटाला कड असते की नसते? कडेवरून जो सांडला तो सांडला. जहाज सांडतं, माणूस सांडतो. पण माझ्या दोरीला धरून राहिला तर परत येतो! उद्या, वादळाच्या विसाव्या दिवशी, मी आपली सात माणसं उचलणार!"

सात माणसं. त्यांच्यासाठीच सगळं चाललं होतं. एकोणीस दिवसांपूर्वीच्या वादळात आमच्या बंदराची एक मासेमारी बोट परत आली नव्हती. क्रेनवाल्याचे दोन्ही मुलगे तिच्यावर होते. शाळेत भूगोल शिकवणाऱ्या बाईंचा धाकटा भाऊही होता. बाईंची आई रोज गरम जेवण भरलेला स्टीलचा डबा घेऊन धक्क्यावर यायची. पोरगा कधीही वर येईल, आला की भुकेला असेल, म्हणून.

तेवढ्यात मागून कोणीतरी हसलं. मोठ्याने, मनापासून.

दीपगृहाचा रखवालदार होता. आम्ही त्याला दिवेकाका म्हणायचो. "अरे, हे जहाज मी पाऊण तासापूर्वीच पाहिलं की!" तो म्हणाला. "वरच्या सज्जातून. तेव्हा तुमचा बाबा जेवत होता. मी उंचावर उभा असतो म्हणून मला आधी दिसतं. ह्यालाही कोणीतरी उंचावरूनच सांगतंय!"

बाबाचा चेला नेहमी त्याचं कोपर धरून, गर्दीकडे तोंड करून उभा असायचा. तो बाबाच्या कानाला लागला.

"सापडला!" बाबा गरजला. "म्हणूनच दोरी रोज जड लागते! हा उंचावर बसून ताट एका बाजूला दाबतोय. सात माणसं वर यायची तर एक पापी खाली गेला पाहिजे. तोल आहे तो, तोल!"

पहिला ठोसा क्रेनवाल्याने मारला. तो आडदांड माणूस, त्यात एकोणीस रात्रींचा जागा. दिवेकाका खाली पडला तसे बाकीचे त्याच्यावर तुटून पडले. नांगराच्या ओल्या दोराने मारलं, बुटांनी मारलं. कोणाच्या तरी हातात वल्ह्याचा तुकडा होता, तो डोळ्यावर बसला. ज्यांच्या जखमा मी शिवल्या, ज्यांच्या पोरांना गोवराच्या तापात रात्र रात्र पाहिलं, ती ही माणसं. मी ओरडलो, पण माझ्या ओरडण्याला विचारतो कोण?

बाई मात्र घुसल्या. त्या दिवेकाकाच्या अंगावर आडव्या पडल्या आणि ओरडल्या, "आधी मला मारा!"

मारलं. त्यांच्या आईनेच मारलं. हातातला जेवणाचा डबा तिने लेकीच्या डोक्यात घातला. "तुझा भाऊ वर येतोय, आणि तू त्याची वाट अडवतेस?" डबा उघडला, भात रक्तात सांडला. त्या आवाजाने लोक थोडे मागे सरले, आणि तेवढ्या वेळात मी दोघांना ओढून बाहेर काढलं.

दवाखान्यात दिवेकाकाला टेबलावर घेतलं. डावा डोळा गेल्यातच जमा होता, तीन फासळ्या मोडल्या होत्या. त्याला झोपेचं इंजेक्शन देऊन मी बाईंच्या डोक्याला टाके घालायला बसलो.

"डॉक्टर," त्या म्हणाल्या, "सपाट जगात क्षितिज कसं दिसलं असतं, विचार केलाय कधी?"

"बाई, डोक्यात सुई चालू आहे आणि भूगोल कसला काढताय?"

"आत्ताच काढायला हवा. अशी धारदार रेघच दिसली नसती. पाणी लांब लांब जात, फिकट होत, हवेत विरून गेलं असतं. आणि जहाज गेलं असतं ते पोटासकट, धुराड्यासकट लहान होत होत. मुंगीएवढं, मग ठिपका. दुर्बीण लावली की पुन्हा सबंधच्या सबंध. पोट आधी बुडायचं कारणच काय? ताटात ठेवलेला वाटाणा कधी कमरेपर्यंत बुडालेला पाहिलात?"

"नाही पाहिला."

"आणि उंचावर चढून जास्त लांबचं दिसायचंही कारण नाही. समुद्र मध्ये फुगलेला आहे, म्हणून खालच्याला जहाज उशिरा दिसतं आणि वरच्याला आधी. बाबाची सगळी करामत पृथ्वी गोल आहे म्हणून चालते. खातो गोल पृथ्वीचं आणि गोडवे गातो सपाटीचे!"

"पण त्याला सांगतो कोण?"

बाईंनी पिशवीतून शाळेची वही काढली. पहिल्या दिवसापासून त्या नोंद ठेवत होत्या. "चार वेळा बाबा म्हणाला, आज कड बंद आहे. चारही दिवस समुद्र लख्ख होता. पण टेकडीवर ढग उतरले होते, वरची जुनी पाण्याची टाकी दिसत नव्हती. ज्याच्या डोळ्यांवर पट्टी आहे त्याला गावामागच्या टेकडीवरच्या ढगाचा काय त्रास, डॉक्टर?"

हातच्या काकणाला आरसा कशाला? आम्ही सगळे समुद्राकडे बघत होतो. चेला एकटाच टेकडीकडे तोंड करून उभा असायचा.

"उद्या फौजदारांना..." मी म्हणालो.

"ते पहिल्या रांगेत असतात," बाई म्हणाल्या.

खरं सांगतो, मला त्या क्षणी आनंद झाला नाही, लाज वाटली. बाबा उगवला तो वादळानंतरच्या तिसऱ्या दिवशी. त्या सकाळी आमच्या बारा होड्या शोधायला निघाल्या होत्या. बाबा म्हणाला, "होड्या नेल्यात तर कड हलेल आणि लटकलेली माणसं सांडतील." बाराही होड्या अर्ध्या वाटेतून परत फिरल्या. मी तेव्हा धक्क्यावरच होतो. मला ते पटलं नव्हतं. आणि मी गप्प बसलो होतो, कारण दुःखातल्या माणसांशी वाद कशाला घालायचा, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते आले. आधी दगड आले. खिडकी फुटली, औषधांच्या बाटल्या फुटल्या, मग दार कोसळलं. पुढे क्रेनवाला होता.

"डॉक्टर, बाजूला व्हा. आम्हाला फक्त तो हवाय."

"दादा, तो माझा रोगी आहे. त्याला हलवलं तर मरेल."

"माझे दोन आहेत तिकडे!" तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत राग नव्हताच, नुसती भीक होती. ती बघून मी अडखळलो आणि कोणीतरी माझ्या तोंडावर लाकूड हाणलं. दोन दात तुटले. माझ्या अंगावरून बूट गेले. दिवेकाकाला त्यांनी चादरीसकट उचलून नेलं. बाई मागच्या दाराने कधी निसटल्या ते कोणालाच कळलं नाही, मलाही नाही.

मी रक्त थुंकत धक्क्यावर पोहोचलो तेव्हा दिवेकाका हवेत होता. त्याला एका फुटक्या होडीत बांधून घातलं होतं आणि ती होडी क्रेनच्या साखळीला लटकत, धक्क्याबाहेर, खोल पाण्यावर झुलत होती. तळाला हात जाईल एवढं भोक होतं. क्रेनवाला वरच्या केबिनमध्ये, दांड्यावर हात ठेवून बसला होता.

"मी सोड म्हटलं की सोडायचं!" बाबाने बजावलं. "पापी खाली गेला की सात वर! पण आधी हात मोकळा करण्यापुरतं एखादं जहाज उचलतो." चेल्याने त्याचं कोपर धरलं आणि गर्दीवरून नजर वर टाकली.

"दिसली!" बाबा म्हणाला. "दोन धुराड्यांची. प्रवासी बोट! ये, ये वर!"

लोक वाट बघू लागले. दहा मिनिटं झाली. चेल्याने पुन्हा वर पाहिलं, कपाळाला आठ्या घातल्या, बाबाचं कोपर दाबलं.

"तिच्यामागे आणखी एक! तेलवाहू! आज दोरीला जोर आहे!"

वीस मिनिटं. अर्धा तास. समुद्र कोरा. चेल्याने तिसऱ्यांदा कोपर दाबलं आणि बाबाने तिसरं जहाज बोलावलं, चार डोलकाठ्यांचं. पाऊण तास झाला. क्षितिज धुतलेल्या पाटीसारखं रिकामं होतं. वर होडीत दिवेकाका कण्हत होता आणि ते कण्हणं आता सगळ्यांना ऐकू येत होतं.

मग डाव्या अंगाला टाचणीएवढं काहीतरी उगवलं.

"आली!" चेला ओरडला. "प्रवासी बोट आली!"

डोलकाठी आली. एक लाल धुराडं आलं. दुसरं आलंच नाही. हळूहळू पोट दिसलं. गंजलेलं, मालवाहू. हिला बाबाने बोलावलंच नव्हतं.

गर्दीतून बाईंची आई उठली. तिच्या हातात आजही डबा होता, काल पोचा आलेला. "बाबा," तिने विचारलं, "मग हिला कोणी उचललं?"

साधा प्रश्न. पण तो बाबाच्या पाठीत सुरीसारखा गेला. त्याने पट्टी खेचून काढली, समुद्र पाहिला, चेल्याकडे पाहिलं आणि किंचाळला, "ह्या पाप्यामुळे! तोल गेलाय! सोड! सोड त्याला!"

सगळ्यांच्या माना क्रेनकडे वळल्या. क्रेनवाल्याचा हात दांड्यावर होता. हाताच्या शिरा दोरासारख्या ताठल्या होत्या.

"सोड! मुलगे हवेत ना तुला?"

"आधी तिला उत्तर दे," क्रेनवाला म्हणाला. "मावशीने विचारलं त्याचं उत्तर दे. न बोलावता आली कशी?"

"मी सांगते."

बाई गर्दीच्या मागून येत होत्या. लोक आपोआप बाजूला होत होते. डोक्यावरचं बँडेज सुटलं होतं, उजव्या हाताची दोन बोटं भलतीकडे वळली होती, कपड्यांवर गंज आणि रक्त. डाव्या खांद्यावर एक लांब पितळी दुर्बीण होती आणि गळ्यात रंगीत कापडांचं गाठोडं.

नंतर त्यांनी मला सगळं सांगितलं. टाकीवर एक माणूस होता, बाबाचा दुसरा चेला. दुर्बीण, वाळत घातल्यासारखी कापडं आणि भिंतीवर डकवलेला कागद. पिवळं म्हणजे प्रवासी, निळं म्हणजे तेलवाहू, दोन्ही मिळून म्हणजे डोलकाठ्यांचं, लाल म्हणजे मालवाहू. त्याने बाईंचा हात पिरगाळून बोटं मोडली. बाईंनी दुर्बिणीची तिपाई त्याच्या गुडघ्यावर हाणली. तो शिडीवरून खाली गेला आणि पायाचं हाड मोडून घेऊन तिथेच विव्हळत राहिला. मग त्याच दोरीवर बाईंनी आपल्या मनाची कापडं घातली. पिवळं, निळं, मग दोन्ही. समुद्रात काही नसताना. आणि ते मालवाहू जहाज खरोखर दिसलं तेव्हा लाल कापड मुद्दाम घातलंच नाही.

धक्क्यावर त्यांनी गाठोडं सोडलं. "हे पिवळं. ह्याला बाबाने दोन धुराडी लावली. हे निळं. ह्याच्यात त्याने तेल भरलं. जहाजं नव्हतीच. मी कापडं वाळत घातली आणि त्याने ती उचलली. मागे वळून बघा. टाकी दिसते? गेले सतरा दिवस तुम्ही एकदा तरी मागे पाहिलंत?"

हजार माना मागे वळल्या. टाकीवर तशीच दुसरी पिवळी आणि निळी कापडं वाऱ्यावर फडफडत होती.

पुढचं फार भराभर घडलं. चेल्याने पळायला पाय उचलला आणि तो तिथेच आडवा झाला. बाबा गुडघ्यांवर आला. "मी गरीब माणूस... लोकांना धीर देत होतो..." कोणीतरी त्याची दाढी धरून फरफटत नेलं. क्रेनवाल्याने होडी धक्क्यावर आणून अलगद टेकवली, कापसावर ठेवावी तशी. मग तो खाली उतरला, तीच साखळी ओढून घेतली आणि बाबाच्या गळ्याभोवती दोन वेढे दिले. बाबाचं तोंड जांभळं पडलं.

"मार! मार!" कालचीच आरोळी. तीच माणसं, तेच बूट.

मी साखळीत हात घातला. माझी बोटं साखळी आणि बाबाच्या गळ्यामध्ये चिरडली. "दादा, मी ह्यालाही मरू देणार नाही!"

"डॉक्टर, सरका!"

"काल ह्याने सांगितलं म्हणून मारलंत," बाई म्हणाल्या. "आज मी सांगितलं म्हणून मारणार? माझंही नुसतं ऐकू नका. दादा, चला वर, स्वतः बघा. त्यानंतर ह्याचं काय करायचं ते कायद्याला ठरवू द्या."

क्रेनवाल्याने टेकडीकडे पाहिलं. मग ती त्याच्या हातातून गळाली. फौजदारांना एकदाची आपल्या पदाची आठवण झाली, आणि त्यांनी बाबाला आणि चेल्याला बेड्या घातल्या.

दिवेकाकाला मी दवाखान्यात नेलं. तो वाचला, डोळा मात्र गेला.

त्या दुपारी बाई आईला आणि क्रेनवाल्याला घेऊन टेकडीवर गेल्या. दिवेकाका शुद्धीवर आला तसा मीही मागून पोहोचलो. खाली धक्क्यावरून नव्या एका जहाजाचं फक्त धुराडं दिसत होतं, हे मी निघताना डोळ्यांनी पाहून आलो होतो. वर दुर्बिणीत तेच जहाज पोटासकट होतं. पोटाखालची पांढरी फेसाची रेघसुद्धा दिसत होती. क्रेनवाल्याने पाहिलं, खाली उतरून पाहिलं, पुन्हा धापा टाकत वर येऊन पाहिलं. तिसऱ्यांदा तो चढलाच नाही, वाटेतच दगडावर बसला.

आईने दुर्बिणीतून खूप वेळ पाहिलं. "म्हणजे कड नाहीच?"

"नाही, आई."

"मग तो कुठे लटकलेला नाही."

"नाही."

"म्हणजे बुडाला."

आईने लेकीचा मोडका हात आपल्या मांडीवर घेतला, आणि वीस दिवसांत पहिल्यांदा ती माउली रडली.

दुसऱ्या दिवशी पहाटे बारा होड्या निघाल्या. सगळ्यात पुढे क्रेनवाला होता. इतक्या दिवसांत बोट लांब वाहत गेली असेल म्हणून पाच दिवस त्यांनी बाहेरचा समुद्र पिंजला. सहाव्या दिवशी, परतताना, एका खडकाळ बेटाच्या कपारीत बोटीचा मागचा भाग सापडला. तिथे चार देह होते, बाकीचे तिघे कधीच सापडले नाहीत. क्रेनवाल्याचा थोरला त्यांत होता, बाईंचा भाऊही होता. मी ते तपासले. बुडून मेलेल्या माणसाची लक्षणं मला ठाऊक आहेत. हे चौघे बुडाले नव्हते. खडकात साचलेलं पावसाचं पाणी संपल्यावर तहानेने गेले होते. आणि बोटीच्या फळीवर कोणीतरी सुरीने रोज एक खाच मारली होती.

खाचा अकरा होत्या.

वादळाने बोट फोडली हे खरं. पण अकरा दिवस ती माणसं जिवंत होती, त्या बेटावर, शोधायला निघालेल्या होड्यांच्या वाटेवर. तिसऱ्या दिवशी त्या होड्या परत फिरल्या नसत्या तर संध्याकाळपर्यंत तिथे पोहोचल्या असत्या. कडेबाबा तुरुंगात आहे. होड्या फिरवणारे आम्ही मात्र मोकळे आहोत, आणि गप्प बसलेला मीही मोकळा आहे.

म्हणून हे लिहितोय. ज्याला चमत्कार दाखवायचा आहे त्याला दाखवू द्या, पण त्याच्या शब्दावर होड्या परत फिरवू नका. प्रश्न विचारा. दुःखात असलेल्या माणसाला दुखेल म्हणून गप्प बसू नका. त्याच्याजवळ बसा, त्याचा हात धरा, पण खरं ते सांगा. मी सांगितलं नाही. त्या फळीवरच्या पहिल्या दोन खाचा वादळाच्या आहेत. उरलेल्या नऊ आमच्या.